वाचनालयाच्या भिंतीवर लिहायला अमेरिकन पुढाऱ्यांची वाक्यं हवीत (घाई आहे)

शाईपेन
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे कमिटीवर आहे (म्हणजे रद्दी कधी विकायची ते मी ठरवते, बाकी फार काही नाही). गावातला एक मुलगा अमेरिकेत असतो, त्याने यंदा मुलांच्या वाचन खोलीसाठी बऱ्यापैकी पैसे पाठवले, टेबलं आली, पंखे आले, आता एक भिंत उरलीय. त्याची इच्छा अशी की त्या भिंतीवर अमेरिकेतल्या पुढाऱ्यांची स्वातंत्र्य आणि धैर्य यावरची वाक्यं मराठीत रंगवून घ्यावीत, कारण लहानपणी याच वाचनालयात लिंकनचं चरित्र वाचून त्याच्या डोक्यात अमेरिका शिरली. आता एवढे पैसे दिल्यावर नाही कसं म्हणणार, आणि म्हणायचंही नाहीये.

फ्लेक्स नको असं ठरलंय, पेंटरच रंगवणार. पेंटर अक्षरावर पैसे घेतो आणि भिंतीच्या बरोब्बर मधे खिडकी आहे, त्यामुळे वाक्यं छोटी पाहिजेत. एकूण पाच. एक तर फिक्सच आहे, लिंकनचं हेडमास्तरांना पत्र, त्यातल्या चार ओळी. उरलेली चार सुचवा. नेटवर बघितलं तर एकाच वाक्याखाली तीन तीन नावं, मधेच आइनस्टाइनपण डोकावतो. पंधरा ऑगस्टच्या आधी रंग वाळला पाहिजे.

तिरकसराव
पंधरा ऑगस्टला अमेरिकेची भिंत! आपले टिळक, आगरकर, फुले, आंबेडकर संपले वाटतं. असो, पैसे त्याचे भिंत तुमची, आम्ही कोण.

खडूस_काका
शाईपेन ताई, आधी खुर्चीत बसा मग वाचा. ते हेडमास्तरांचं पत्र लिंकनचं नाही.

लिंकनची भाषणं, पत्रं, तारा, अगदी कुणाला दिलेल्या दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा करून छापल्यात, खंडच्या खंड आहेत. त्यात हे पत्र नाही. मूळ कागद कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. कोण हेडमास्तर, कुठली शाळा, कुठला मुलगा, काही पत्ता नाही. आपल्याकडे वसंत बापटांनी त्याचं मराठी इतकं देखणं केलं की ते शाळाशाळांच्या ऑफिसात फ्रेम होऊन बसलं, आणि फ्रेममधल्या कागदाला कोण विचारतंय तुझा बाप कोण म्हणून.

शाईपेन
काका काय सांगताय! बीएडच्या निरोप समारंभात मी ते पाठ म्हटलं होतं हो. पुढे तीस वर्षं दर गुरुपौर्णिमेला वर्गात वाचलं. वाचनालयात दारासमोरच फ्रेम आहे, खाली लिंकनचा फोटो, दाढीवाला.

गारवा
मग बिघडलं काय? मजकूर चांगलाच आहे ना. माझ्या बाबांनी ते माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलं होतं आणि खरं सांगते, नववीत वर्गातली सगळी पोरं एका मुलीला चिडवायची तेव्हा मी त्यात सामील झाले नाही ते त्या कागदामुळेच. लिंकनने लिहिलं की कुणी अनामिकाने, त्या मुलीला काय फरक पडला?

खडूस_काका
गारवा, पत्र फाडा असं कुठे म्हटलं मी. रंगवा की, खाली "अज्ञात" लिहा. पण मुलांच्या वाचनालयात, जिथे पुस्तकं उघडून खरंखोटं बघायला शिकवायचं, तिथेच खोटी सही? माझा तरी नकार.

अनुस्वार
काकांशी सहमत. आणि विषय निघालाच आहे तर अजून थोडी पडझड करतो, माफ करा.

"सतत जागरूकता ही स्वातंत्र्याची किंमत" हे नेटवर सगळीकडे जेफरसनच्या (अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष) नावावर फिरतं, त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. हॅरिएट टबमन (स्वतः गुलामीतून पळून मग इतरांना सोडवणारी) हिच्या नावावरचं "मी अजून हजार गुलाम सोडवले असते, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर" हे तर सपशेल बनावट. सोजर्नर ट्रुथ (हीही आधी गुलाम, मग गुलामीविरुद्ध बोलणारी) हिचं १८५१चं ॲक्रनमधलं भाषण, ज्यात "मी काय बाई नाही का?" हे पालुपद आहे, तेही सरळ नाही. त्याच वर्षी छापलेल्या वृत्तांतात ते पालुपद नाहीच, बारा वर्षांनी दुसऱ्या बाईंनी आठवणीतून लिहून काढलं त्यात ते आलं, शिवाय तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली. ही बाई न्यूयॉर्क राज्यातली आणि तिची मातृभाषा डच! म्हणजे आपल्याकडे बेळगावच्या माणसाच्या तोंडी वऱ्हाडी घालण्यासारखं झालं.

आता पॅट्रिक हेन्री. "मला स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या." २३ मार्च १७७५, रिचमंडमधलं चर्च, व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींची सभा, ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलायचं की अर्ज करत बसायचं यावर खल चाललेला. भाषण झालं हे नक्की आणि जबरदस्त झालं हेही नक्की, पण तेव्हा कुणीच लिहून घेतलं नाही. आज आपण वाचतो तो मजकूर १८१७ साली विल्यम वर्टने चरित्र लिहिताना म्हाताऱ्या श्रोत्यांच्या आठवणींवरून जुळवला, बेचाळीस वर्षांनी. एवढ्या वर्षांनी मला माझ्याच लग्नातले उखाणे सांगता येणार नाहीत.

तिरकसराव
अनुस्वार, तुमच्या लग्नाला तेवढी झालीत का?

अनुस्वार
झाली असती तर असं म्हणायचं होतं हो. व्याकरण माझ्याकडे, गणित तुमच्याकडे.

ओवी_एम
मी राज्यशास्त्राची स्टुडंट आहे, माझ्याकडून एक. फ्रँकलिन रुझवेल्ट, ४ मार्च १९३३, पहिलं अध्यक्षीय भाषण. आपल्याला भीती बाळगायची ती फक्त भीतीचीच. छोटं आहे, पेंटर खूश होईल. तेव्हा बँका धडाधड बुडत होत्या, लोक रांगा लावून पैसे काढत होते आणि लोक काढतात म्हणून अजून बँका बुडत होत्या, म्हणजे भीती हाच खरा रोग होता, ते काही नुसतं मोटिव्हेशनल वाक्य नव्हतं. पुढच्या एकदोन दिवसात त्याने देशभरच्या बँकाच बंद ठेवल्या, मग रेडिओवर येऊन साध्या भाषेत बँक कशी चालते ते समजावलं, आणि बँका उघडल्यावर लोक गादीखालचे पैसे परत भरायला आले.

मीठभाकर
ओवी, हे माझी आजी रोज म्हणायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. रुझवेल्टपेक्षा दोन शब्दात आटपतं 😀

ओवी_एम
आईशप्पथ! अनुवाद सापडला.

जर्सीकर
रुझवेल्टचं घ्या पण त्याच्या "चार स्वातंत्र्यां"चं घेऊ नका अशी माझी विनंती. ६ जानेवारी १९४१ला संसदेपुढे सांगितलेली: बोलण्याचं, आपापल्या श्रद्धेचं, अभावापासून आणि भीतीपासून. ऐकायला सुरेख. त्यानंतर तेरा महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९४२ला, याच माणसाने एका हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाचे लोक घरंदारं, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारेच्या छावण्यांत गेले. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक. १९८८मध्ये रेगनच्या सहीने माफी आणि हयात असलेल्यांना माणशी वीस हजार डॉलर. मी इथे अमेरिकेत वीस वर्षं राहतोय, पासपोर्ट बदलला, पण ही तारीख डोक्यातून जात नाही, का ते सांगायला नको.

तिरकसराव
म्हणजे बघा हं. पत्र खोटं, हेन्री आठवणीतला, जेफरसन नाही, रुझवेल्ट छावणीवाला. हेन्रीकडे पण गुलाम होतेच की. "स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या" म्हणणाऱ्याच्या घरी पाणी भरायला गुलाम! मी म्हणत होतो ना आपले बरे.

अनुस्वार
होते, आणि त्याला ते कळतही होतं हे जास्त अवघड आहे. १७७३ला, म्हणजे त्या भाषणाच्या दोन वर्षं आधी, एका क्वेकर (गुलामीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) गृहस्थाला त्याने पत्र लिहिलंय (हे पत्र खरं आहे, काका!) त्यात कबूल करतो की मी गुलाम विकत घेतलेत, त्यांच्याशिवाय इथे राहणं गैरसोयीचं होतं म्हणून ओढला जातोय, आणि याचं समर्थन मी करणार नाही, करूच शकत नाही. गैरसोय. एवढं प्रामाणिक आणि एवढं निर्लज्ज एकाच पत्रात मी तरी दुसरं वाचलं नाही.

मीठभाकर
तिरकसराव, तुमच्या "आपले बरे"ला उत्तर देतो, जरा लांबण लागेल.

आपल्याच जोतिबांनी १८७३ला "गुलामगिरी" काढलं ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झिजलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना, आणि वर आशा धरली की माझे देशबांधव तो कित्ता गिरवतील. पुण्यात बसून. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा, म्हणजे दहाच वर्षं झालेली. त्याआधी तरुणपणी थॉमस पेन (माणसाच्या हक्कांवर लिहिणारा लेखक) वाचून त्यांचं डोकं तापलं होतं. बाबासाहेब १९१३ ते १६ कोलंबियात शिकले, आणि २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बोलताना त्यांनी जेफरसनचा दाखला दिला, की प्रत्येक पिढी म्हणजे जणू वेगळं राष्ट्र, तिने पुढच्या पिढीला बांधून टाकू नये. त्यामुळे आपले आणि त्यांचे अशी भिंत तुम्ही घालताय, फुल्यांनी नाही घातली.

आता माझं वाक्य. फ्रेडरिक डग्लस. जन्माने गुलाम, मेरीलँडचा. गुलामाला अक्षर शिकवायचं नाही, बिघडतो, असं मालक म्हणायचे, याने मालकिणीकडून मुळाक्षरं आणि रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन पुढचं शिकून घेतलं. १८३८ला पळाला. ५ जुलै १८५२ला रॉचेस्टरमध्ये त्याला स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं, तर हा उभा राहून विचारतो की तुमचा हा चार जुलै गुलामाला काय सांगतो? हा दिवस तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मी शोक केला पाहिजे. बोलावणारे त्याच्याच बाजूचे लोक होते बरं का, गुलामीविरोधी बायकांची संस्था. आपल्याच माणसांच्या मांडवात बसून हे बोलायला किती लागत असेल.

पण भिंतीसाठी मी १८५७चं सुचवतो, कॅनन्डेग्वाचं: मागणी केल्याशिवाय सत्ता काहीच सोडत नाही. कधी सोडलं नाही, कधी सोडणार नाही.

गारवा
म्हणजे रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.

मीठभाकर
नाही नाही नाही. तिथेच फरक आहे. आई मायेने देते, तिला फक्त कळायचं बाकी असतं. सत्तेला सगळं कळत असतं. आणि डग्लस रडायला सांगत नाहीये, त्याच भाषणात म्हणतो की नांगरट न करता पीक पाहिजे, गडगडाट न होता पाऊस पाहिजे, अशी काही माणसं असतात. शेतकऱ्याच्या पोराला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

शाईपेन
मीठभाकर, हे घेतलं. तीनचार दिवसांनी आले, घरी पाहुणे होते, धागा एवढा पळेल वाटलं नव्हतं. पेंटरला विचारलं, म्हणाला दोन ओळीत बसतंय पण "डग्लस" का "डग्लास" ते कागदावर लिहून द्या.

एक अडचण. कमिटीतल्या एका सदस्यांना बेंजामिन फ्रँकलिन पाहिजेच आहे, तात्पुरत्या सुरक्षेसाठी स्वातंत्र्य सोडणाऱ्याला दोन्ही मिळू नये, असं काहीतरी. ते पण खोटं आहे का? आता मला दुधाच्या पिशवीवरच्या तारखेचाही संशय येतोय.

अनुस्वार
ताई, ते खरं आहे. फक्त त्याचा अर्थ सगळे भलताच घेतात आणि ही माझी आवडती गोष्ट आहे, त्यामुळे सहन करा.

१७५५. पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवर लढाई पेटलेली, गावं जळतायत, बंदोबस्ताला पैसा पाहिजे. विधिमंडळ म्हणतं कर बसवू, आणि पेन घराण्याच्या जमिनींवर पण बसवू. पेन घराणं म्हणजे त्या वसाहतीचे मालकच, स्वतः राहायला इंग्लंडात. त्यांचा गव्हर्नर दर वेळी कायदा अडवायचा कारण मालकांच्या जमिनीला हात लावायचा नाही अशी तंबी. मालक म्हणाले थोडी रक्कम देतो, पण आमच्यावर कर बसवायचा तुम्हाला हक्क नाही हे मान्य करा. त्यावर विधिमंडळाच्या उत्तरात फ्रँकलिनने हे वाक्य लिहिलं. म्हणजे "मूलभूत स्वातंत्र्य" म्हणजे काय, तर लोकांच्या सभेला सगळ्यात श्रीमंत जमीनदारावर कर बसवायचा अधिकार! आणि "तात्पुरती सुरक्षा" म्हणजे त्याने फेकलेले चार पैसे. आज हे वाक्य कोण वापरतं? फोन टॅपिंगच्या विरोधातले वापरतात, आणि कर नको म्हणणारे पण वापरतात. फ्रँकलिनला कळलं तर छत्री घेऊन मागे लागेल.

खडूस_काका
पतंग घेऊन.

जर्सीकर
मधे दोन दिवस लिहायला जमलं नाही. मला एक सांगायचंय, मात्र ते पुढाऱ्याचं वाक्य नाही त्यामुळे चालेल का माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी मेम्फिसला गेलो होतो, मधे अर्धा दिवस रिकामा, म्हणून लॉरेन मॉटेल बघायला गेलो. मार्टिन ल्युथर किंगना ४ एप्रिल १९६८ला तिथे गोळी घातली, आता म्युझियम आहे. बाहेरून अजून तसंच मॉटेल दिसतं, बाल्कनीच्या कठड्याला पुष्पचक्र, खोली ३०६. मला वाटलं होतं मी तिथे "माझं एक स्वप्न आहे" वगैरे आठवून भारावून जाईन. झालं वेगळंच. आत गेल्यावर कळलं की ते मेम्फिसला आले कशाला होते. तर कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८, पाऊस, दोन काळे कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात बसले, गाडीचा दाबयंत्राचा खटका आपोआप चालू झाला आणि ते दोघं कचऱ्याबरोबर चिरडले. मग साधारण तेराशे कामगार संपावर. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या, एकच ओळ: मी माणूस आहे. पगार वाढवा नाही, सुट्टी द्या नाही. मी माणूस आहे. म्युझियममध्ये त्या पाट्या घेतलेली माणसं उभी केलीत, खरीखुरी कचऱ्याची गाडी आहे, आणि त्या गाडीसमोर मी उभा होतो तेव्हा मला आमच्या डोंबिवलीच्या चाळीत यायचे ते सफाईवाले काका आठवले, ज्यांना आम्ही दिवाळीला फराळ द्यायचो पण दाराबाहेर, वेगळ्या ताटलीत. ती ताटली न्हाणीघराच्या फळीवर असायची. आईने ती ताटली का वेगळी ठेवलीय हे मी कधी विचारलं नाही. असो.

३ एप्रिलच्या रात्री किंग यांचं शेवटचं भाषण. तब्येत बरी नव्हती, येणारच नव्हते, वादळ चालू होतं, पण हॉलमधून फोन गेला की लोक तुमच्यासाठी आलेत. आले आणि म्हणाले की दीर्घायुष्य मलाही आवडेल पण आता त्याची फिकीर नाही, मी डोंगरमाथ्यावर जाऊन आलोय, पलीकडचं दिसलंय, कदाचित तुमच्याबरोबर मी तिथे पोचणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं. वय ३९.

गारवा
जर्सीकर... वेगळी ताटली आमच्याकडे पण होती. अजून काही लिहित नाही.

मीठभाकर
आमच्याकडे नव्हती. आम्ही ताटलीच्या पलीकडच्या बाजूला होतो. पण लिहिलंत ते बरं केलंत दादा.

किंग १९५९ला महिनाभर भारतात होते, मुंबईत मणिभवनात गांधींच्या खोलीत झोपले. तेव्हाच्या त्रिवेंद्रमची एक गोष्ट त्यांनी पुढे सांगितलीय, एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून दिली की हे अमेरिकेतले अस्पृश्य. किंगना आधी धक्का बसला, रागच आला, मग म्हणाले हो, मी अस्पृश्य आहे. आणि तुमच्या त्या पाटीनंतर चार वर्षांनी, १९७२ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावच मुळी तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. त्यामुळे "मी माणूस आहे" हे मराठीत भाषांतर वाटतच नाही.

ओवी_एम
मला एकच शंका, "मी माणूस आहे" मधे इंग्रजी मूळ शब्द पुरुषवाचक आहे ना? पण मराठीत माणूस म्हटलं की बाईपण येते, निदान व्याकरणात तरी. यावरून आठवलं, १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात "सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र" अशा अर्थाची जुनी शब्दरचना होती. समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रुझवेल्ट, त्यांना वाटत होतं चालतंय, सगळ्यांना कळतं की यात बायका आल्या. आपल्या हंसा मेहता अडून बसल्या की नाही कळत, आमच्याकडे सोयीस्कर अर्थ काढतील, आणि तिथे "सर्व मानव" झालं. म्हणजे अमेरिकन बाईंचं वाक्य भारतीय बाईंनी दुरुस्त केलं!

आणि धैर्यासाठी अजून एक नाव देते कारण यादीत बाई एकही नाही. मार्गारेट चेस स्मिथ, मेन राज्याच्या सिनेटर. १ जून १९५०. सिनेटर मॅकार्थी तेव्हा ज्याच्या त्याच्यावर कम्युनिस्ट म्हणून बोट दाखवायचा आणि माणसाची नोकरी जायची, भले भले गप्प. ह्या बाई त्याच्याच पक्षाच्या, सिनेटमध्ये येऊन दीडच वर्ष झालेलं, आणि मॅकार्थी मागे बसलेला असताना उभ्या राहिल्या, त्याचं नाव न घेता पंधरा मिनिटं बोलल्या. म्हणाल्या की टीका करायचा हक्क, न आवडणारी मतं बाळगायचा हक्क, निषेधाचा हक्क, स्वतंत्र विचाराचा हक्क, हेच अमेरिकन असण्याचं मूळ आहे, आणि माझ्या पक्षाने भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी या चार घोड्यांवर बसून निवडणूक जिंकावी असं मला वाटत नाही. सही करायला आणखी सहाच सिनेटर मिळाले. मॅकार्थीने टर उडवली, हिमगौरी आणि सहा बुटके. नंतर तिला चौकशी उपसमितीतून काढलं आणि जागी निक्सनला घेतलं. सिनेटने मॅकार्थीचा निषेध केला तो डिसेंबर १९५४मध्ये. साडेचार वर्षं!

तिरकसराव
ही बाई आवडली. विरोधकांवर ओरडायला काय लागतं, आपल्याच पक्षाच्या बैठकीत चहा यायच्या आधी उभं राहून बोलून दाखवा. मी सहकारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा प्रयत्न केला होता, पुढच्या वर्षी मला हिशेब तपासनीसाच्या यादीतूनच वगळलं. सिनेट काय सोसायटी काय.

खडूस_काका
तिरकसराव वितळले, नोंद घ्यावी.

मी फॅनी लू हेमर सुचवतो. मिसिसिपीत कापूस वेचणारी, वीस भावंडांतलं शेंडेफळ. काळ्या माणसाला मत देता येतं हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. १९६२ला मतदार नोंदणीला गेली, परत आली तर मळ्याच्या मालकाने अर्ज मागे घे नाहीतर चालती हो म्हणून सांगितलं, अठरा वर्षं राबत होती तिथे. पुढच्या वर्षी वायनोनाच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की मूत्रपिंड कायमचं दुखावलं. २२ ऑगस्ट १९६४ला अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे ती हे सगळं सांगत होती, टीव्हीवर थेट, तर खुद्द अध्यक्ष जॉन्सनने घाईघाईत पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिच्यावरून हटावेत म्हणून. हटले पण. मग संध्याकाळच्या बातम्यांत वाहिन्यांनी तिचं बोलणं दाखवलं आणि दुपारपेक्षा जास्त लोकांनी बघितलं. देशाचा अध्यक्ष एका मजूर बाईला घाबरला, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तिचं वाक्य मराठीत आणणं अवघड आहे. अर्थ असा की आजारी आणि थकलेलं असण्यानेच मी आता आजारी आणि थकले. जमतंय का बघा.

अनुस्वार
"सोसण्याचाही आता वीट आलाय."?

मीठभाकर
"सोसून सोसून आता सोसण्याचाच वीट आलाय." असं बोलेल ती. मूळ वाक्यात तोच शब्द गरगर फिरतो, तो फिरला पाहिजे.

शाईपेन
मीठभाकर यांचं फायनल. हे मी पेंटरच्या आईला वाचून दाखवलं, म्हातारी चहा घेऊन आली होती. म्हणाली, कुठली गं ही? अमेरिकेतली म्हटल्यावर म्हणाली, तिकडं पण हायच का.

काल कमिटी झाली. ठरलेलं सांगते. डग्लस. फॅनी लू हेमर. रुझवेल्टचं भीतीचं वाक्य घ्यायचं होतं पण ब्रह्मराक्षसावर सगळे इतके हसले की ते राहूनच गेलं. मार्गारेटबाईंचे चार हक्क खिडकीच्या दोन बाजूंना दोन दोन. लिंकन पाहिजेच म्हणून गेटिसबर्गचं "लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी", कारण ते मुलांच्या नागरिकशास्त्रात आहे आणि कुठल्या स्मशानभूमीत, किती हजार माणसं पडल्यावर, दोन मिनिटांत बोललं गेलं ते मी स्वतः सांगणार आहे. फ्रँकलिनवाल्या सदस्यांना अनुस्वारची पेन घराण्याची गोष्ट सांगितली, ते स्वतः मोठे बागायतदार आहेत, म्हणाले राहू द्या मग.

पाचवं "मी माणूस आहे". यावर वाद झाला, की हे पुढाऱ्याचं नाही, कुणाचं नाव घालायचं. अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला, तिकडे पहाट होती. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, खाली "मेम्फिसचे सफाई कामगार, १९६८" लिहा आणि ते सगळ्यात मोठ्या अक्षरात घ्या, पेंटरचे जादा पैसे मी देतो.

हेडमास्तरांचं पत्र दारासमोर आहे तिथेच आहे. लिंकनच्या फोटोवर कागद चिकटवलाय, "लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. मराठी वसंत बापट." पोरं आता तो कागदच आधी वाचतात.

जर्सीकर
ताई फोटो टाका ना भिंतीचा.

शाईपेन
टाकते, उद्या. पेंटरने शेवटी "डग्लास"च केलंय, काना पुसायला बोलावलंय त्याला.